टपरीवरचे बोलणे बैठकीत कसे आणावे

सोमवारी सकाळची आढावा बैठक संपते, सगळे वह्या मिटतात आणि दहा मिनिटांनी खाली चहाच्या टपरीवर तीच माणसे तोच विषय पुन्हा काढतात. वर "होऊन जाईल, सर" असे म्हणालेला सहकारी खाली सांगतो की हे काम पंधरा तारखेपर्यंत होणे शक्यच नाही. वर गप्प बसलेल्या सहकारी मॅडम खाली सांगतात की ग्राहकाने मागितले आहे ते वेगळेच आहे. कामाची खरी स्थिती, खरी काळजी आणि पुष्कळदा खरा उपायही त्या टपरीवर बोलला जातो; फक्त ज्याने निर्णय घ्यायचा तो तेथे नसतो. बैठक सुधारणे याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच आहे की ते बोलणे वर, टेबलाभोवती आणि वेळ हातात असताना व्हावे. आठ ते बारा माणसांच्या, नियमित भेटणाऱ्या गटात हे कसे साधावे, ते येथे सांगत आहे.

माणसे गप्प का बसतात

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात गटाच्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले तर या गटात आपली मानहानी होणार नाही, असा सर्वांचा सामाईक विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. या विचाराकडे त्या ज्या वाटेने आल्या ती वाट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना, चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात चांगल्या गटांच्या नावावर चुका जास्त दिसल्या. पुढे उलगडा झाला तो असा की त्या गटांतील परिचारिका चुका उघडपणे सांगत होत्या आणि इतर गटांत त्या झाकल्या जात होत्या. म्हणून ज्या बैठकीत आठवड्यामागून आठवडे "काही अडचण नाही" एवढेच ऐकू येते, त्या बैठकीबद्दल निश्चिंत होऊ नये. तेथेच अधिक चौकशी करावी.

गप्प बसण्यामागचे हिशेब साधे असतात. प्रश्न विचारला तर अडाणी ठरू, चूक सांगितली तर नालायक ठरू, आक्षेप घेतला तर नकारघंटा ठरू, न मागता सल्ला दिला तर आगाऊ ठरू. मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते. घरात तो संस्कार असेल, पण कामाच्या टेबलाशी तो तसाच आला की सर्वांत कनिष्ठ माणसाला दिसणारी भेग सर्वांत वरच्या माणसाला दिसत नाही. हल्ली अनेक कार्यालयांत वरिष्ठांना नावाने हाक मारतात. त्याने वातावरण मोकळे दिसते हे खरे, पण "सर" म्हणण्याची प्रथा गेली म्हणून भीती गेली असे होत नाही. ती वरिष्ठांच्या प्रतिक्रियेवरून ठरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मानसिक सुरक्षितता म्हणजे सर्वांनी गोड बोलणे नव्हे, आणि कामाचा दर्जा सैल सोडणे तर मुळीच नव्हे. जेथे एकमेकांच्या कामातील दोष तोंडावर, आदराने आणि पुराव्यानिशी सांगता येतात, तेथेच दर्जा टिकतो.

बैठकीच्या आधीचे काम

बैठक बोलावण्यापूर्वी एक वाक्य लिहून काढावे: ही बैठक संपेल तेव्हा काय ठरलेले असेल? हे वाक्य लिहिता आले नाही तर बैठक घेऊ नये, माहिती लेखी पाठवावी. विषयपत्रिकेतील विषय प्रश्नाच्या रूपात मांडावेत. "वितरण वेळापत्रक" असे लिहिले तर प्रत्येक जण आपापल्या मनातले वेळापत्रक घेऊन येतो, "नाशिकच्या ग्राहकाला पहिला टप्पा पंधरा तारखेला द्यावा की महिनाअखेरीस?" असे लिहिले तर माणसे उत्तर शोधून येतात. पत्रिका किमान एक दिवस आधी पाठवावी, कारण ऐनवेळी विचारलेल्या प्रश्नाला सफाईने उत्तर देणारे थोडेच असतात आणि तेच दर वेळी बोलून जातात.

प्रत्येक विषयापुढे तो माहितीसाठी आहे, चर्चेसाठी आहे की निर्णयासाठी, हेही लिहावे. चर्चा आणि निर्णय वेगळे ठेवण्याचे मोल मला गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या उदाहरणावरून कळले. धानोरा तालुक्यातील या गोंड आदिवासी गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि तिच्या जोडीला तेथे अभ्यासगटाची परंपरा आहे. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, शंका काढायच्या, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारायचे. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यायचा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवून स्वतःच्या जंगलातील बांबूची विक्री स्वतः करण्यापर्यंत हे गाव पोहोचले, त्यामागे ही सवय आहे. निर्णयाचे ओझे नसले की माणूस कच्चा विचारही बोलून दाखवतो, आणि कच्चा विचार बोलला गेल्याशिवाय पक्का होत नाही. कार्यालयात याचे रूप साधे आहे: मोठा विषय असेल तर एका बैठकीत फक्त समजून घ्यावा आणि निर्णय दोन-तीन दिवसांनी घ्यावा.

निर्णय कसा होणार, हेही आधीच सांगावे. तो सर्वांच्या संमतीने होणार आहे, की सर्वांचे ऐकून प्रमुख घेणार आहेत? दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ते म्हणजे निर्णय आधीच झालेला असताना "तुम्हाला काय वाटते?" असे विचारणे. माणसांना ते लगेच कळते आणि पुढच्या वेळी ती खरे मत देत नाहीत.

सुलभक आणि प्रमुख वेगळे असावेत

बैठक चालवणाऱ्याला प्रशिक्षण शिबिरांत सुलभक म्हणतात. तो शब्द कार्यालयातही आणावा असे मला वाटते. बोलण्याची वाट सुलभ करणे हे त्याचे काम आहे. कोण बोलले, कोण राहिले, वेळ किती उरला, मूळ प्रश्नावरून चर्चा घसरली का, याकडे त्याने पाहावे आणि स्वतःच्या मताचा आग्रह त्या वेळेपुरता बाजूला ठेवावा. प्रमुखाने हे काम स्वतःकडे ठेवू नये, कारण ज्याच्या हाती वार्षिक मूल्यमापन आहे त्यानेच "मोकळेपणाने बोला" म्हणणे पुरेसे पडत नाही. सुलभकाचे काम गटात पाळीपाळीने द्यावे. आज ज्याने दुसऱ्यांना गप्प करणाऱ्याला आवरले, तो उद्या स्वतः बोलताना आवरतो, असा माझा अनुभव आहे.

प्रमुखाने शेवटी बोलावे. १९६२ सालच्या ऑक्टोबरमध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून पेच उभा राहिला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले, कारण आपण समोर असलो की सल्लागार आपल्या कलाने बोलतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. आदल्या वर्षीची क्यूबावरील फसलेली स्वारी अशाच एकसुरी सल्ल्यातून घडली होती. आपल्या गटाच्या प्रमुखाने बाहेर जाण्याची गरज नाही. आपले मत कागदावर लिहून तो कागद पालथा ठेवावा आणि सर्वांचे झाल्यावर वाचावा. पहिल्या दोन बैठकांत हे फार अवघड जाते. तिसऱ्या बैठकीत नवी माहिती कानावर येऊ लागली की ते सोपे होते.

पहिली पाच मिनिटे

सुरुवातीलाच प्रत्येकाचा आवाज एकदा ऐकला जावा. एक लहान प्रश्न विचारून फेरी घ्यावी: "या आठवड्यात तुमचे काम कशामुळे अडले?" जो पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलतो, तो पुढे बोलण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. तिच्यात चीर देण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे अशी तरतूद आहे. तिचा एक उपयोग हाच, की एकदा स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारलेली परिचारिका पुढे "डॉक्टर, थांबा" असे म्हणायला कचरत नाही.

भाषेचा प्रश्न येथेच सोडवावा, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत पडद्यावर इंग्रजी असते म्हणून चर्चाही इंग्रजीत होते, आणि यंत्र किंवा ग्राहक सर्वांत जवळून ओळखणारा सहकारी वाक्य जुळवत बसतो तोवर विषय पुढे गेलेला असतो. सुलभकाने स्वतः पहिला प्रश्न मराठीत विचारावा. गटात मराठी न येणारे सहकारी असतील तर ज्याला ज्या भाषेत नेमके सांगता येते त्या भाषेत सांगू द्यावे आणि दोन वाक्यांत सारांश करण्याचे काम कोणावर तरी सोपवावे. यात दोन मिनिटे जातात आणि एक माणूस बैठकीत येतो.

आधी लिहावे, मग बोलावे

सर्व युक्त्यांपैकी एकच वापरायची असेल तर ही वापरावी. प्रश्न मांडल्यावर सर्वांनी तीन मिनिटे गप्प बसून आपले उत्तर चिठ्ठीवर लिहावे, मग फेरीने एकेक मुद्दा वाचावा आणि तो फळ्यावर यावा. सर्व मुद्दे येईपर्यंत कोणीही त्यांवर टीका करू नये. फेरी कनिष्ठांपासून सुरू करावी. येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या एका प्रयोगात दिसले की एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसे वेगवेगळी बसून अधिक कल्पना काढतात. कारण समजण्यासारखे आहे: एक जण बोलत असताना बाकीचे आपले विचार रोखून धरतात, आणि पहिल्या वक्त्याच्या वाटेने सर्वांचे विचार वळतात.

लिहून घेण्याचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. सॉलोमन ॲश यांनी १९५१ साली रेषांच्या लांबीचा प्रयोग केला. समोर ढळढळीत दिसणारी लांबी इतर सर्वांनी मुद्दाम चुकीची सांगितली की, ज्यांची परीक्षा चालली होती त्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताकडे झुकून चुकत. परंतु त्या गटात खरे बोलणारा एक जरी साथीदार असला तर हे झुकणे पुष्कळच कमी होई. चिठ्ठ्या फळ्यावर आल्या की हा साथीदार दिसतो. ज्याला वाटत होते की तारखेबद्दलची शंका आपल्या एकट्याचीच आहे, त्याला दिसते की ती चौघांनी लिहिली आहे.

प्रश्न कसा विचारावा यालाही महत्त्व आहे. "कोणाला काही शंका?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे शांतता हेच असते, आणि त्या शांततेला संमती समजले जाते. त्याऐवजी, "या बेतात सर्वांत कच्चा दुवा कोणता?" असे विचारावे. विचारल्यावर मनात दहा अंक मोजावेत आणि मध्ये काहीही बोलू नये. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेली आणखी एक रीत मोठ्या निर्णयापूर्वी जरूर वापरावी. सहा महिने उलटले आहेत आणि हा बेत पूर्णपणे फसला आहे असे समजायचे, आणि तो का फसला याची कारणे प्रत्येकाने लिहायची. बेत फसलाच आहे असे गृहीत धरल्यामुळे दोष दाखवणारा नकारघंटा ठरत नाही. उलट ज्याची कारणे नेमकी, तो उपयोगी ठरतो.

फार बोलणाऱ्याला आवरताना त्याचा मान राखावा. "तुमचा मुद्दा फळ्यावर घेतला आहे, आता ज्यांचे ऐकायचे राहिले त्यांच्याकडे जाऊ" एवढे बहुधा पुरते. कोणाचे वाक्य तोडले गेले तर सुलभकाने लगेच म्हणावे, "त्यांचे पूर्ण होऊ द्या." स्त्री सहकाऱ्याने मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर जातो, हेही अनेकदा घडते, तेव्हा "हा मुद्दा मघाशी मॅडमनी मांडला होता, त्यांच्याकडूनच पुढे ऐकू" असे सांगणे सुलभकाचे कर्तव्य आहे. गप्प बसलेल्याचे नाव अचानक पुकारू नये. फेरी असेल तर त्याची पाळी येतेच, आणि "मी नंतर सांगतो" म्हणण्याची मुभा त्याला असावी.

वाईट बातमी येते तो क्षण

आतापर्यंतची सर्व तयारी ज्या क्षणासाठी आहे तो क्षण हा. कोणीतरी धीर करून म्हणते, "ही तारीख जमणार नाही" किंवा "ती चूक माझ्याकडून झाली." पुढच्या काही सेकंदांत प्रमुखाच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते सगळा गट पाहत असतो आणि पुढचे वर्षभर लक्षात ठेवतो.

मी स्वतः एका गटाचा प्रमुख असताना "अडचणी सांगू नका, उपाय सांगा" हे वाक्य अभिमानाने वापरत असे. एका कामाची तारीख चुकणार हे एका कनिष्ठ सहकाऱ्याला तीन आठवडे आधी कळले होते. त्याच्याजवळ उपाय नव्हता, म्हणून त्याने सांगितले नाही. मला कळले तेव्हा चारच दिवस उरले होते. ज्या अडचणीचा उपाय एकट्याला सापडत नाही, तीच तर बैठकीत यायला हवी, हे मला त्या दिवशी समजले आणि मी ते वाक्य सोडून दिले.

प्रमुखाने अशा वेळी क्रमाने तीन गोष्टी कराव्यात. प्रथम, "हे आत्ता सांगितलेत ते बरे झाले" असे म्हणावे. मग माहिती विचारावी: काय घडले, कधी लक्षात आले, आणखी कशावर परिणाम होईल? शेवटी मदत विचारावी: आता कोणाची, कशाची गरज आहे? "असे कसे झाले?" हा प्रश्न दुखावलेल्या स्वरात विचारला तर तो प्रश्न राहत नाही. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच कामगाराने दोरी ओढायची आणि गटप्रमुखाने धावून जायचे अशी पद्धत आहे. दोरी ओढणाऱ्याला दटावले असते तर दोऱ्या नुसत्या लोंबत राहिल्या असत्या. नजरचूक, अपुऱ्या माहितीमुळे झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली हयगय यांत फरक करावाच लागतो. परंतु हयगयीचा हिशेब बैठकीबाहेर, एकांतात व्हावा.

आपल्या देशातील एक उदाहरण प्रत्येक प्रमुखाने ध्यानात ठेवावे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपक यानाचे पहिले उड्डाण फसले आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र पत्रकार परिषद घेण्यास त्यांनी कलामांना सांगितले. कलाम ही आठवण पुढे अनेकदा सांगत.

याच्या उलट टोकाचा प्रसंगही सांगितला पाहिजे, कारण माणसे बोलली तरी पुरेसे नसते हे त्यातून कळते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अंतराळयानाचे अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल या कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत नासाला सांगितले होते की सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात यानाचे उड्डाण करू नये. अग्निबाणांच्या सांध्यांमधील रबरी कडी थंडीत नीट बसणार नाहीत. रॉजर बॉइजोली त्या अभियंत्यांपैकी एक होते. नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीवर नापसंती दाखवली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी स्वतंत्र चर्चेसाठी वेळ मागितला आणि शेवटी अभियंत्यांना बाजूला ठेवून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. त्या बैठकीत प्रश्न उलटा झाला होता: उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा असे म्हणण्याऐवजी ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असे अभियंत्यांना सांगितले जात होते. म्हणून आपल्या बैठकीत धोक्याची सूचना आली की सुलभकाने स्वतःला विचारावे, पुराव्याचे ओझे आपण कोणाच्या खांद्यावर टाकतो आहोत? आणि आक्षेप बाजूला सारून निर्णय घेतला जात असेल, तर तो आक्षेप आक्षेपकर्त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहावा व निर्णय घेणाऱ्याने त्याचे कारण तेथेच नोंदवावे.

शेवटची दहा मिनिटे

वेळ संपण्याच्या दहा मिनिटे आधी चर्चा थांबवावी. काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत, हे मोठ्याने वाचावे. "बघू या" किंवा "आपण करू" असे लिहू नये, एका माणसाचे नाव लिहावे. विषयाबाहेरचे मुद्दे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेले असतील तर त्यांचे पुढे काय करायचे तेही ठरवावे. इतिवृत्त त्याच दिवशी पाठवावे, आणि ते एका पानापेक्षा मोठे नसावे.

महिन्यातून एकदा शेवटी कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात आणि नाव न घालता एकाच प्रश्नाचे उत्तर मागावे: "आज मनात आले, पण बोललो नाही, असे काही?" चिठ्ठ्या सुलभकाने वाचाव्यात. अक्षर कोणाचे, याचा तर्क करू नये.

ज्या गटात पूर्वी कोणाचा सर्वांदेखत अपमान झाला असेल, तेथे या रीती प्रथम नाटकी वाटतील. अशा ठिकाणी प्रमुखाने आधी त्या माणसाला एकटे भेटून चूक मान्य करावी, आणि मग गटासमोरही सांगावे की त्या दिवशी मी चुकलो. तुम्ही प्रमुख नसाल तर दोन गोष्टी तरीही तुमच्या हाती आहेत: दुसऱ्याचा तुटलेला मुद्दा नाव घेऊन पुन्हा पुढे आणणे, आणि "मला हे समजले नाही, पुन्हा सांगाल का?" असे सर्वांआधी विचारणे.

पुढच्या सोमवारी विषयपत्रिकेत पहिला विषय म्हणून मागच्या बैठकीतील चिठ्ठीवरचा किंवा सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याने मांडलेला मुद्दा घ्यावा आणि त्याचे काय झाले ते सांगावे. तो मान्य झाला नसेल, तर का झाला नाही तेही सांगावे. ज्याने तो मांडला होता, त्याच्याकडे त्या वेळी पाहावे.